पाहुण्यांची कपबशी

आमच्याकडे रोज दोनदा फरशी पुसतात, आठवड्याला पाण्याची टाकी धुतात, फ्रिजमधलं शिळंपाकं संध्याकाळच्या आत बाहेर काढतात. एवढं करूनही साचतातच, ते म्हणजे किस्से! बावीस म्हातारी माणसं, चार मावश्या, एक स्वयंपाकीण आणि मी. एवढ्या माणसांत दिवसाला एक किस्सा कुठं गेला नाही. घरी जाऊन बायकोला सांगितला की ती म्हणते, "लिहून ठेवा. उद्या तुम्हीच तिथं राहायला गेलात की काही आठवायचं नाही!"

म्हणून आज सांगायला बसलोय.

आधी माझं सांगतो. मी सतरा वर्षं चाकणला एका कंपनीच्या गेस्ट हाऊसचा मॅनेजर होतो. जपानी, जर्मन, कोरियन साहेब मशिनी बसवायला यायचे आणि त्यांची बडदास्त ठेवायची आपण! आल्या आल्या लिंबू-पाणी, खोलीत फुलं, जाताना दारापर्यंत सोडायला. एका माणसाची तक्रार नाही राव, सतरा वर्षांत. मग कंपनीनं गेस्ट हाऊस बंद केलं आणि ओळखीतून मला मारुंजीच्या या वृद्धाश्रमात काम मिळालं. इमारत तीन मजली, मुळात आयटीतल्या मुलांना खोल्या भाड्यानं द्यायला बांधलेली. आमच्या डॉक्टर मॅडमनी ती घेतली, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले, उंबरे काढले, आणि पहिल्या दिवशी मला एवढंच सांगितलं, "भाऊ, इथं घरासारखं वाटलं पाहिजे."

"मॅडम, घरापेक्षा भारी वाटेल!" मी म्हणालो.

तिथंच माझं चुकलं. पण ते कळायला मला आठ महिने लागले.

*

पहिल्याच आठवड्यात मी मावश्यांना टॉवेलचा हंस करायला शिकवला. प्रत्येक पलंगावर पांढरीशुभ्र चादर, चारी कोपरे ताणून बसवलेले, आणि पायथ्याशी मान वाकडी करून बसलेला हंस. चाकणला साहेब लोक त्या हंसाचे फोटो काढून आपल्या बायकांना पाठवायचे.

ठकूआजी मूळच्या शेजारच्या माण गावच्या. त्यांच्या भाताच्या खाचरांवर आता काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्या दुपारी जेवून खोलीत गेल्या आणि अशी किंकाळी फोडली की मी दोन-दोन पायऱ्या चढत वर पोचलो.

"म्यानेजर! माज्या खाटंवर बदक बसलंय!"

"आजी, ते टॉवेलचं आहे. शोभेला."

आजींनी बदकाची मान धरली, एक हिसका दिला आणि टॉवेल खांद्यावर टाकला. मग चादरीकडे बोट केलं. "आन् ही पांढरी कशापायी?"

"स्वच्छ दिसते, आजी. हॉटेलात असते तशी."

"पांढरं मला येकदाच घालायचं हाय. तवा मी काय बोलायची न्हाई. आत्ता माजी गोधडी आन!"

त्यांच्या नातवाला फोन केला, गोधडी आली. पाच जुन्या लुगड्यांची, हिरवी, जांभळी, कुठं विटलेली. आठ दिवसांत सगळ्यांच्याच घरून काही ना काही आलं. कुणाची सोलापुरी चादर, कुणाचं नवऱ्याचं जुनं ब्लँकेट. माझा पहिला मजला बोहारणीच्या गाठोड्यासारखा दिसायला लागला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मॅडम राउंडला आल्या, सगळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वा, आता बरं वाटतंय."

*

गेस्ट हाऊसमध्ये साहेब निघाले की आम्ही एक फॉर्म द्यायचो. तसाच इथंही छापून घेतला. 'आपला मुक्काम कसा वाटला? खोली, जेवण, सेवा यांबद्दल कृपया अभिप्राय द्यावा.' महिन्याच्या शेवटी बावीस जणांना बावीस फॉर्म आणि बावीस पेन.

आमचे गायकवाड काका म्हणजे पिंपरीच्या एका कंपनीत छत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस. युनियनमध्ये मुरलेले. कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही करत नाहीत, आणि वाचल्यावर बहुतेक करतच नाहीत. त्यांनी चष्मा लावून फॉर्म दोनदा वाचला, उलटा करून मागची बाजूही बघितली आणि सुवाच्य अक्षरात लिहून दिलं:

'मुक्काम अजून संपलेला नाही. संपल्यावर कळवतो!'

*

त्या फॉर्मांवरून निर्मलाकाकूंची गोष्ट निघाली. कारण सगळ्या रकान्यांत 'उत्तम' लिहिणाऱ्या त्या एकट्याच.

निर्मलाकाकूंचे यजमान कंपनीत होते, निगडीला दोन खोल्या होत्या. यजमान गेले, खोल्या विकल्या. मग सहा वर्षं काकू सहा महिने वाकडला मुलाकडे आणि सहा महिने नाशिकला मुलीकडे अशा राहिल्या. पुढे मुलाच्या घरी बाथरूममध्ये पडल्या. नवरा-बायको दोघं दिवसभर नोकरीला, घरात दुसरं कुणी नाही, म्हणून आमच्याकडे आल्या. मुलगा नितीन हिंजवडीत नोकरीला आहे, एक रविवार आड येतो. माणूस चांगला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. "आईचा कुणालाच त्रास नसतो," असं तो पहिल्या दिवशी मोठ्या अभिमानानं म्हणाला होता.

आणि खरंच नव्हता! सकाळी उठल्या की चादरीची घडी करून पायथ्याशी ठेवायच्या. चपला दाराशी, तोंड बाहेरच्या बाजूला. पर्स कायम मांडीवर. पाणी प्यायचं तरी, "घेऊ का हो?" जेवायला बसल्या की अर्धी पोळी, चमचाभर भाजी, आणि मावशी वाढायला वाकली की ताटावर हात आडवा. "पुरे, पुरे. खूप झालं." उठताना न चुकता, "छान झालं होतं हं सगळं."

मी तर खूश! असा गेस्ट मला सतरा वर्षांत मिळाला नव्हता. तक्रार-वही मी मुद्दाम मॅडमना नेऊन दाखवली. "बघा मॅडम, निर्मलाकाकूंचं पान कोरं!"

मॅडमनी वही मिटली आणि वजनाचा तक्ता माझ्यापुढे सरकवला. काकू आल्या तेव्हा चव्वेचाळीस किलो होत्या. चौथ्या महिन्यात एकोणचाळीस. रक्त तपासून झालं होतं, पोटाचा फोटो काढून झाला होता, कुठं काही सापडलं नव्हतं.

"आजार नाही, भाऊ. त्या जेवतच नाहीत," मॅडम म्हणाल्या. "आणि कुणीच तक्रार करत नाही असं घर बघितलंय का तुम्ही कुठं?"

घरी गेलो तर आमटीवरून माझं नि बायकोचं वाजलं. भांडता भांडता मला मॅडमचं वाक्य आठवलं आणि हसू फुटलं. बायको आणखीच चिडली.

*

तेव्हापासून मी एकच ध्यास घेतला. काकूंनी एक तक्रार केली पाहिजे. एक! चहा गार आहे म्हणा, पंखा वाजतो म्हणा, काहीही.

आमची स्वयंपाकीण मंगल परभणीची. आधी कंपनीच्या कँटीनमध्ये होती, दोनशे माणसांचं वरण डोळे मिटून करायची. तिला बाजूला घेऊन म्हणालो, "मंगल, उद्या वरणात मीठ घालू नको."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "काय म्हनलाव?"

"मुद्दाम. काकूंनी काहीतरी बोलावं म्हणून."

"भाऊ, माझ्या हातानं अळणी वरण? त्यापेक्षा राजीनामा घ्या!"

अर्धा तास समजावलं. शेवटी तयार झाली, पण अट घातली, "वाढायला म्या येनार नाय. माझं तोंड दिसू नये कुनाला."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये नुसता दंगा! गायकवाड काकांनी ताटावर वाटी आपटली आणि "कँटीन कमिटी कुठंय? बोलवा!" म्हणून ओरडले. ठकूआजी म्हणाल्या, "मीठ संपलं का मंगलचं डोकं?" कधी तोंड न उघडणारे तिसऱ्या मजल्यावरचे आजोबासुद्धा उठून मिठाची बरणी शोधायला लागले. आत मंगल डोळ्याला पदर लावून बसलेली.

मी मात्र काकूंकडे बघत होतो. त्यांनी एक घास घेतला. जरा थांबल्या. दुसरा घेतला. मग माझ्याकडे बघून हसून म्हणाल्या, "छान झालंय हं वरण. साधंच, पण पचायला हलकं!"

मी कपाळाला हात लावला. त्या सोमवारी वजन अडतीस भरलं.

*

आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर मी एक पाटी लावली होती. 'निवासींना आत प्रवेश नाही.' गेस्ट हाऊसचा पहिला नियमच तो. पाहुण्यानं स्वयंपाकघर बघायचं नाही.

एकदा भाजीवाल्याचा टेम्पो आला तेव्हा आत ओटा धुणं चाललं होतं. त्यानं मेथीचं पोतं हॉलमध्ये सोडलं आणि गेला. मी फोनवर होतो. पाच मिनिटांनी बाहेर येतो तर काय, खाली वर्तमानपत्रं पसरलेली, सहा म्हाताऱ्या आणि गायकवाड काका गोल करून बसलेले, मेथी निवडणं चालू!

"अहो, अहो, राहू द्या! सॉरी, सॉरी! स्टाफ करेल ते!" मी धावलो.

"तू जा रं, तुजी कामं कर," ठकूआजी मान वर न करता म्हणाल्या.

देठ किती ठेवायचं यावर त्यांचं आणि एका आजींचं जुंपलं होतं. "कोवळं देठ टाकतीस? व्हय गं, तुज्या बापाचा मळा हाय का?" चाकणच्या सवयीनं मी मध्ये पडलो, दोघींची माफी मागितली आणि फळं कापून आणू का विचारलं. दोघी भांडण थांबवून माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी आपला मागच्या मागे सटकलो. गायकवाड काका मेथीच्या काड्या एका मापाच्या करून ओळीनं लावत होते. टूलरूमचा हात, दुसरं काय!

त्या दिवशी मेथीची भाजी उरली नाही. निवडणाऱ्या सगळ्यांनी दोनदा मागून घेतली. संध्याकाळी मी स्वतः स्टूल घेतलं आणि दारावरची पाटी काढली.

निर्मलाकाकू त्या वेळी खुर्चीत बसून बघत होत्या, पर्स मांडीवर. "या ना काकू, बसा," मी म्हणालो, तर म्हणाल्या, "नको, उगाच माझी मध्ये लुडबुड." पण बोटं पर्सच्या बंदावर हलत होती. देठ खुडावं तशी. मी ते बघितलं आणि दिवसभर माझ्या डोळ्यांपुढून ते गेलं नाही.

*

चहा मी सुरुवातीपासून कपबशीत द्यायचो. पांढरे कप, सोनेरी कड, बशीत दोन बिस्किटं. गायकवाड काका रोज तो चहा आपल्या जुन्या स्टीलच्या ग्लासात ओतायचे, ग्लास रुमालात धरायचे आणि रिकामी कपबशी माझ्याकडे परत करायचे. एक दिवस म्हणाले, "भाऊ, मला सांग, तुझ्या घरी तू कशात पितोस?"

"ग्लासात."

"आणि कपबशी?"

"ती... कोणी आलं-गेलं तर काढतो."

"मग आम्ही कोण?" एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी पिंपरी कॅम्पात गेलो आणि बावीस स्टीलचे ग्लास घेतले. दुकानदार नाव घालायचं मशीन काढून बसला. "कुणाकडून भेट? वास्तुशांत की बारसं?" मी म्हणालो, "तसलं काही नाही. प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव घाला, बास." तो बावीस नावं घालेपर्यंत मी तिथंच उभा होतो. कर्रर्र कर्रर्र आवाज येत होता आणि मला कोण जाणे का, आईची भांडी आठवली. प्रत्येक ताटावर तिचं नाव असायचं आमच्याकडे.

ग्लास वाटले. ठकूआजींना वाचता येत नाही. त्यांनी नावावरून बोट फिरवलं आणि "हे मीच का?" म्हणून तीनदा विचारून घेतलं. गायकवाड काकांनी उजेडात धरून अक्षरं तपासली. म्हणाले, "छत्तीस वर्षं मी टोकन नंबर चारशे बारा होतो. खाली नंबर पण घालून आण. नाहीतर मला तो माझा वाटायचा नाही!"

पुन्हा कॅम्पात गेलो. घातला नंबर.

निर्मलाकाकूंनी त्यांचा ग्लास दोन्ही हातांत घेतला, बघितला आणि पदरानं पुसला. "कशाला हो नाव घातलंत? मी काय, चार दिवस आहे. दुसऱ्या कुणाच्या उपयोगी आला असता." ग्लास त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळीवर पालथा ठेवायला दिला आणि कपबशी जवळ ओढली. एकवीस ग्लास आणि एक कपबशी, असा ट्रे रोज फिरायचा. मला तो बघवायचा नाही.

*

ही युनियनची भानगड मध्येच सांगतो, कारण पुढं तिचं काम आहे.

एक दिवस गायकवाड काका ऑफिसात आले, खुर्चीवर बसायला नकार दिला आणि उभ्यानं मला कागद दिला. वर ठळक अक्षरात, 'मागणीपत्र'. खाली एकवीस सह्या आणि ठकूआजींचा अंगठा.

मागणी एकच. मंगलला आठवड्याची सुट्टी मिळालीच पाहिजे.

"काका, पण जेवण?"

"डबे मागव. चहा तू कर. हात आहेत ना?"

मी म्हणालो, "बरं. रविवार देऊ या."

काका एवढे भडकले की मावशी पाणी घेऊन आली. "रविवार? रविवार बँकवाल्यांचा! आपल्या पट्ट्यात गुरुवारी लाईट बंद, गुरुवारी कंपनी बंद. कामगाराची सुट्टी गुरुवारीच असते!"

मंगलला विचारलं तर ती म्हणाली, "गुरुवार तर गुरुवार. पन तुमी चहा करनार म्हनता, ते आधी सगळ्यांस्नी कळवा."

माझ्या चहाबद्दल पहिल्या गुरुवारी तक्रार-वहीत एकवीस नोंदी झाल्या. बाविसावी कुणाची नव्हती, हे सांगायला नकोच.

*

आता शेवटचा. हा मी कुणाला सांगायला घेतला की माझा आवाज जरा इकडे-तिकडे होतो, सांभाळून घ्या.

मागच्या हिवाळ्यात काकूंचं वजन साडेछत्तीसवर आलं. मॅडमनी मला बोलावलं. "भाऊ, आता मी थांबू शकत नाही. हॉस्पिटलमध्ये ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. त्यांनी एक बशी, एकच, आपण होऊन मागून खाल्ली असती तर मी आणखी आठ दिवस वाट बघितली असती." बुधवारी त्यांनी नितीनला फोन केला. गुरुवारी दुपारी त्यानं न्यायचं ठरलं.

काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. तुम्हाला सोयीचं असेल तसं." बॅग त्यांनी स्वतःच भरली. भरायला फार काही नव्हतंच, अर्धी बॅग त्यांनी आल्यापासून उपसलीच नव्हती. नळी घातलेली माणसं मी बघितलेली आहेत. हात बांधून ठेवावे लागतात कधीकधी. मला रात्री जेवण गेलं नाही.

गुरुवारी नितीन साडेतीनला आला. डोळे सुजलेले. बॅग गाडीत ठेवली आणि हॉलमध्ये आईसमोर येऊन बसला. काकू खुर्चीच्या कडेवर, पर्स मांडीवर. मी ऑफिसात त्यांचे कागद तयार करत होतो. जुने रिपोर्ट, औषधांची यादी, मॅडमची चिठ्ठी. एक कागद सापडला की दुसरा हरवायचा. अर्धा तास गेला.

मान वर केली तर दारात काकू उभ्या. आठ महिन्यांत त्या ऑफिसच्या दाराशी कधी आल्या नव्हत्या.

"मॅनेजर साहेब," त्या म्हणाल्या, "माणूस येऊन अर्धा तास झाला. पाण्याचंसुद्धा विचारलं नाही कुणी!"

मी ताडकन उठलो. सतरा वर्षांत जे एकदाही चुकलं नाही, ते नेमकं त्या दिवशी चुकलं होतं. "सॉरी काकू, आज मंगल नाही ना, गुरुवार..."

"मंगल नाही म्हणून काय झालं? घरी आलेला माणूस कोरडा बसणार? ही काय पद्धत झाली? पोहे कुठं असतात?"

माझ्या तोंडात 'तुम्ही बसा, मी बघतो' आलं होतं. पण हॉलमधून, पेपराच्या आडून, गायकवाड काकांचा आवाज आला, "तिसरी फळी. निळा डबा."

काकू स्वयंपाकघरात शिरल्या. पर्स माझ्या हातात दिली. "ही धरा."

मी पर्स छातीशी धरून दारात उभा राहिलो. त्यांनी पोहे भिजवले, कांदा चिरायला घेतला आणि सुरूच झाल्या! सुरीला धार नाही. हिंगाच्या डबीचं झाकण उघडं, वास गेला सगळा. कढीपत्ता असा ठेवतात का, वाळून चुरा झालाय. कढईचा कान हलतोय, कुणाच्या पायावर पडली म्हणजे? मी मनात मोजत होतो. दहा मिनिटांत सहा तक्रारी. वही आणायला गेलो असतो, पण हातात पर्स होती आणि डोळ्यांना धड दिसत नव्हतं.

"बघत काय उभे राहिलात? ती चांगली कपबशी काढा."

मी सोनेरी कडेची कपबशी काढली. त्यांनी कपात चहा गाळला, ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास ठेवला, पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर घातली, लिंबाची फोड ठेवली, आणि ट्रे स्वतः घेऊन बाहेर गेल्या. नितीन एकदम उभा राहिला. "आई, तू कशाला..."

"बस तू. गरम आहे तोवर खा."

तो बसला. काकू डिश संपायची वाट बघत शेजारी उभ्या होत्या. संपली तशी आणखी दोन डाव घातले. त्यानं डिशवर हात आडवा धरला. "पुरे, पुरे आई."

"पुरे काय? एवढ्यानं होतं का? लाजू नकोस," असं म्हणून हात बाजूला करून त्यांनी वाढलंच.

मग त्या आत आल्या. सुनेसाठी डबाभर काढून ठेवले, तरी कढईत दोन बशा भरतील एवढे पोहे उरले होते. काकूंनी ओट्याला टेकून, उभ्या उभ्या, कढईतूनच खायला सुरुवात केली. उलथन्यानं कडेचं खरपूस खरवडून घेतलं आणि तेही खाल्लं. मध्येच माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मीठ हवं होतं जरा. द्या इकडे." मी मिठाची बरणी पुढे केली. त्यांनी वरून चिमूटभर घेतलं. कढई रिकामी झाली. मग फळीवरचा तो पालथा ग्लास उचलला, विसळला, आपल्या नावाची बाजू पुढे करून ओट्यावर ठेवला आणि उरलेला चहा त्यात गाळून घेतला.

नितीन रिकामी डिश हातात धरून दारात केव्हा येऊन उभा राहिला, मला कळलं नाही. टेबलावरचे कागद मी जाऊन ड्रॉवरमध्ये टाकले आणि मॅडमना फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "राहू द्या, भाऊ. सोमवारी वजन बघू." नितीन गाडीकडे गेला, डिकी उघडली आणि बॅग काढून माझ्याकडे दिली.

निघताना काकू त्याला फाटकापर्यंत सोडायला आल्या. चालताना दोनदा माझा हात धरावा लागला, पण आल्या. सुनेसाठी डब्यात पोहे बांधले होते, तो डबा त्याच्या हातात दिला. त्यानं वाकून नमस्कार केला. काकूंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या,

"येत जा रे अधूनमधून. संकोच करू नकोस. घर आपलंच आहे!"